गिट्टीपारा, सन २०४७

१४ नोव्हेंबर २०२४
गिट्टीपारा, भिलाई

मोना,

आशीर्वाद लिहू का नोको, यातच दोन कागद फाडले. तं मी सरळ कामाचंच लिहिते. आशीर्वाद तू आपल्या मनानं समजून घे, नसन पायजे तं सोडून दे.

तुह्या फोनवर माहा नंबर लागत नाही, हे मले तीन वर्षांपासून माहीत आहे. शेजारच्या शीलाच्या फोनवरून लावला तं माहा आवाज आयकून तू ठेवून देल्ला. म्हनून हे पत्र. तुह्या घरचा पत्ता मले कोनी सांगत नाही, पन ऑफिसचा पत्ता सरकारनंच छापून देल्ला आहे. दूरदृष्टी कक्ष, दुसरा माळा, नवा रायपूर. त्याच्या खाली तुहं नाव, 'समन्वयक, नागरिक सहभाग'. ते नाव मी बोट ठेवून शेजारच्या भीमाबाईले दाखवलं होतं. माही पोट्टी म्हनून.

काम असं आहे. जून महिन्यात तुमच्या लोकाईनं आमाले सेक्टर १० च्या हॉलात बलावलं होतं. आपल्या बस्तीतून, साऱ्या गिट्टीपाऱ्यातून, अकरा जनं गेलो. मले वाटलं तू असशील. दार वाजलं का मी मान वळवून पाहो, अन् दर वेळी चहावाला. राजदीप नावाचा एक साहेब होता, गोडबोल्या. त्यानं भितीले चार मोठे कागद लावले अन् सांगतलं का हे भिलाईचे चार भविष्य आहेत, सन २०४७ चे. एकात सगळीकडे घरं अन् लाइट. एकात नुसतं ऊन, झाडाचं पान नाही. एकात प्लांट धडाधड चालू, पन आत मानूस नाही, मशीनच मशीन. अन् चौथ्यात आपल्यासारख्या बस्त्या रिकाम्या. सरकारनं आता वीस-पंचवीस वर्षं पुढचं पाहून काम करायचं ठरवलं आहे, म्हने. मंग समोसा झाला अन् त्यानं सगळ्याईले एक-एक कोरा कागद देल्ला. "मान लीजिए, आज सन सैंतालीस है. अपने किसी को चिट्ठी लिखिए. जिस भाषा में मन करे."

बाकीच्याईनं चार-चार ओळी खरडल्या अन् समोश्याकडे गेले. मी दोन्ही बाजूनं भरून लिहिलं. कोनाले लिहिलं ते सोड.

काल शीलाच्या मोबाइलवर तुमचा रिपोर्ट आला. शीला म्हंजे भीमाबाईची सून, आंगनवाडीवाली. तू पाहली आहे तिले. रिपोर्टात आपल्या पाऱ्याचं एक पान आहे अन् मधात निळी चौकट. 'एक बुज़ुर्ग महिला की आवाज़.' शीला वाचत होती अन् मी सुपात तांदूळ घेऊन तशीच बसून राहिली. नाव नव्हतं, पन माहंच होतं, हिंदी करून. खाली लिहिलं होतं का गिट्टीपाऱ्याचे लोक सोताच आपली बस्ती संपताना पाहून राहिले, म्हनून इथं लंब्या मुदतीचं कोन्तंही नवीन काम काढू नये.

शीला म्हने, "कोन असन वं ही बुढी?"

मी म्हनलं, "मले का माहीत."

तं तेवढं पान काढून टाक. एवढंच काम आहे. तुह्या हातातलं आहे.

तुही आई


३ डिसेंबर २०२४

मोना,

वीस दिवस झाले. पोस्टमन सायकल उभी करायच्या आधीच मी त्याले हात हलवून विचारते अन् तो दुरूनच मान हलवते.

आता मले भेव लागून राहिलं आहे, अन् ते मी कोनाजवळ बोलू शकत नाही, म्हनून तुह्याच डोक्यावर टाकते. काल शाळेच्या दारावर कागद चिकटवला. येत्या सत्रापासून आपली शाळा बंद, पोट्टे कोहक्याच्या मोठ्या शाळेत. कारन काय लिहिलं, तं 'भावी पटसंख्या'. मी गुरुजीले म्हनलं, "अहो, आज बेचाळीस पोट्टे आहेत, मी सोता मोजले." गुरुजी म्हने, "बाई, आताचे नाही मोजत. पुढचे मोजतात." कोहक्याची शाळा मेन रोडच्या पलीकडे आहे. तिथं ट्रक कसे येतात तुले माहीत आहे.

तुले वाटन, यात भ्याचं काय, हजार शाळा बंद होतात. पन माह्या कागदात पहिलं काय लिहिलं होतं, मोना? शाळाच. मले पाठ आहे. 'आधी शाळा गेली, शाळेची घंटा कोनी नेली माहीत नाही. मंग बस येनं बंद झालं. मंग पानी गेलं. मंग मानसं गेली, एक-एक घर. आता मी अन् एक लाइट.' असं लिहिलं होतं मी. मनानं लिहिलं होतं. हॉलात पंख्याखाली बसून, समोसा खाता खाता!

आता तुले खरं सांगूनच टाकते. पत्र तुलेच लिहिलं होतं. राजदीप साहेब म्हने 'अपने किसी को', तं माहं आहेच कोन? मले माहीत होतं का कागदं तुह्या टेबलावर जातीन. मी म्हनलं, वाचन पोट्टी, अन् घाबरून पळत येईन. म्हनून चांगलं मसाला लावून लिहिलं.

अन् ही काही माही एकटीची अक्कल नाही. तुह्या बापाच्या टाइमले प्लांटातलं सगळं कोक ओव्हन खातं याच अकलेवर सुटीवर जाये. धानाची रोवनी आली का गावाकडून, लाखनीहून, तार यायची, 'मदर सिरियस, कम सून'. धानकापनी आली का पुन्हा 'मदर सिरियस'. फोरमनले माहीत, टाइम ऑफिसले माहीत, तार आननाऱ्यालेही माहीत का म्हातारी बांधीत चिखल तुडवून राहिली. पन तार असल्याबिगर सुटी नाही. फोरमन तं हासून तुह्या बापाले विचारे, "काय नत्थू, या वर्षी धान कसा आहे?" भंडाऱ्याकडचा एकही मानूस असा नव्हता ज्याची माय वर्षातून दोनदा मरनाले टेकली नाही. आमी तसंच शिकलो. मानूस बलवाचा असन तं सिरियस लिहा लागते. साधं 'ये' लिहिलं तं कोन येते?

तं तो कागद तारच होती, बाई. त्यावरून सरकार चालवू नका.

आई


९ जानेवारी २०२५

मोना,

तू नाही आली, तं मीच आली होती. तुले सांगतलं असन त्याईनं.

त्याच्या आधी बसचं आयक. आपली लाल मिनी-बस एक तारखेपासून चौकातूनच परत फिरते. ड्रायवर म्हने, वरून ऑर्डर आहे, या रूटवर पुढं सवारी राहनार नाही. मी त्याले म्हनलं, "आज तं गाडीत उभं राहाले जागा नाही!" तो म्हने, "अम्मा, मेरे को मत बोलो." दीड किलोमीटर पायी आली मी, मधात तीन वेळा बसली. थंडीनं छाती भरून येते थोडी.

म्हनजे शाळा झाली, बस झाली. पाळीपाळीनं. माह्या कागदाच्या पाळीनं. त्या रात्रीपासून मले जेवन जात नाही. मी सोताले म्हनते, बेबी, तू काय देव आहे का चेटकीन आहे, तुह्या लिहिल्यानं थोडी होते. पन होऊनच राहिलं नं.

म्हनून सोमवारी नवा रायपूर गाठलं. बाप्पा, केवढे रोड, अन् रोडवर कुत्रंही नाही. राजदीप साहेब भला मानूस निघाला. खुर्ची देल्ली, पानी देल्लं. तू 'फील्ड'वर गेली म्हने. खरं का खोटं तुले माहीत. मी त्याले सांगतलं का ते पत्र माहं आहे अन् ते खोटं आहे. तो म्हने, "अम्मा जी, हम भविष्यवाणी नहीं करते. हम तैयारी करते हैं."

मी म्हनलं, "रिकाम्या बस्तीची तयारी म्हंजे काय? शाळा काढनं, बस काढनं, नळ न देनं. हे सगळं तुमी आता केलं तं तिथं सैंतालीसपर्यंत राहन कोन? पचीसमध्येच रिकामी होईन. मंग तुमी म्हनसान, पाहा, आमी म्हनलं होतं."

त्याले हे हिंदीत सांगता सांगता माहा दम गेला, पन सांगतलं. त्यानं टेबलावरचा पेन इकडचा तिकडे केला. म्हने का चारही चित्रं कमिटीपुढं ठेवले होते, कोन्तं खरं होईन ते कोनालेच माहीत नाही, चारहीची तयारी ठेवा असंच लिहिलं होतं. पन बाकीच्या तीनमध्ये आकडेच आकडे होते. चौथ्यात एक मानूस बोलला. कमिटीतल्या मोठ्या मॅडमनं माहं पत्र वाचून चश्मा काढला, म्हने. तेव्हापासून गिट्टीपाऱ्यासाठी एकच चित्र चालते. मागची जुनी खदान, आपन जिचं पानी पितो, ती सन सैंतालीसच्या साऱ्या शहरासाठी राखून ठेवाची. अन् पाऱ्यानं 'स्वेच्छेनं' दुसरीकडे जायाचं. एकवीस फेब्रुवारीले जनसुनवाई आहे, तिथं लोकाईनं आपलं म्हननं सांगाचं.

मी म्हनलं, माहा कागद परत द्या. त्यानं फाइल काढली, माहा कागद दाखवला, निळ्या शाईचा. कोपऱ्यात पेन्सिलनं लिहिलं होतं, 'निवडले. मोना.' मो-चा काना तू अजून तसाच लंबा ओढते, तिसरीत ओढत होती तसा.

म्हनजे तू वाचलं. तू वाचलं, तुले समजलं का हे कोनाचं आहे, अन् तू ते आईजवळ नाही आनलं, कमिटीत नेलं. दोनशे कागदातून माहाच कावून? माह्यावर सूड उगवाचा होता तं माह्यावर उगव. भीमाबाईनं तुहं का बिगाडलं? तिच्या मांडीवर तू झोपली आहे.

राजदीप साहेब म्हने का पान काढाचं असन तं ज्यानं निवडलं त्यालेच लिहून द्या लागते.

मी खाली डोकं करून परत आली. लोकाईले सांगतलं, डोळ्याच्या डॉक्टरकडे गेली होती.

बेबी


२ फेब्रुवारी २०२५

मोना,

पानी गेलं.

खदानीवरच्या पंपाची मोटर जळाली. पयले जळे तं दोन दिवसात मिस्त्री येये. आता अर्ज नेला तं म्हने, हा पंप पुढच्या प्लानमध्ये नाही, दुरुस्ती निघनार नाही. आज नववा दिवस. सारा पारा कोहक्याच्या मोडावरच्या बोरिंगवर डबे घेऊन उभा राहते. मी दोन डबे आनते. काल रस्त्यात खाली बसली तं शीलानं पाठीवर हात फिरवला अन् ओरडली, "काकू, तुमचे ओठ निळे दिसून राहिले!" जबरदस्तीनं दवाखान्यात नेलं. कागदाच्या पट्टीवर रेघा काढल्या. गॅस आहे, बाकी काही नाही. माहा फोनही त्याच दिवशी डब्यात पडला, तो आता चालू होत नाही. तसाही कोन लावते.

गल्लीतल्या विक्कीच्या घरचे पारा सोडून गेले. कोहक्यात खोली केली, पोट्ट्याच्या शाळेसाठी. कुलूप लावताना त्याची बायको रडत होती. मी दारातून पाहत होती अन् मनात मोजत होती. शाळा, बस, पानी, मानसं. मोना, मंग मीच उरते. 'मी अन् एक लाइट', त्याच्या पुढं तीन ओळी आहेत. चौकटीत त्याईनं त्या छापल्या नाहीत, पन तू वाचल्या आहेत. 'मी गेली तेव्हा घरात कोनी नव्हतं. दाराले कुलूप कोनी लावलं माहीत नाही. मोना आली नाही.'

हे लिहिताना मले मजा आली होती. आता कोनी दार वाजवलं तरी जीव दचकते.

मागच्या पत्रात मी सूड म्हनलं. त्याच्यावर लई विचार केला. सूड घ्यायचा तुले हक्क आहे, हे मले लिहाचं नव्हतं, पन लिहिते.

तुह्या बापाच्या वेळचं. सगळ्या भंडारा-गोंदियात मी सांगत फिरली का पोट्टीले फोन केला होता, बाप सिरियस आहे म्हनून सांगतलं होतं, तरी आली नाही, बापाले शेवटचं पानी पाजलं नाही. तू दुसऱ्या दिवशी दारात उभी राहिली तं साऱ्या लोकात म्हनलं, "आता कावून आली, तमाशा पाहाले?" हे सगळ्याईले माहीत आहे. जे मी कोनाले नाही सांगतलं ते हे आहे. त्याच्या आधी तीन वेळा मी तुले असाच फोन केला होता. बाबा सिरियस. एकदा गोंदियाचा पोट्टा पाहाले येनार होता म्हनून. एकदा तू दिल्लीले नोकरीवर जाशील म्हनून. एकदा तं नुसती दिवाळी होती. तिन्ही वेळा तू धावत आली अन् बाप अंगनात विडी ओढत बसलेला. चौथ्या वेळी तू फोनवर हासून म्हनली, "आई, या वेळचा मुलगा कुठला आहे?"

तुहा बाप मागं घरघर करत होता अन् मले सांगता आलं नाही का पोरी, या वेळी खरं आहे.

चूक तुही नव्हती. माही होती. साडेतीन वर्षं मी ती तुह्या पदरात बांधून ठेवली. माफी मागून काय होते, पन मागते.

आई


२० फेब्रुवारी २०२५

मोना,

उद्या सुनवाई. मी भीमाबाईले अजून सांगतलं नाही. तिनं आज सकाळी माह्या घरी बसून भाजी निवडली. म्हने, "बेबी, ती चिठ्ठीवाली बुढी मले भेटली नं, तं तिच्या तोंडात शेन कोंबीन." मी हाव म्हनलं. मेथीच्या काड्या भाजीत अन् पानं कचऱ्यात टाकत होती मी, तिनंच दाखवलं.

उद्या उभी राहून सांगनार आहे. आवाज निघन का नाही माहीत नाही. पान काढून घ्या म्हनीन. तू तिथं असशील का, याचंही भेव, अन् नसशील याचंही.

आई


२२ फेब्रुवारी २०२५

मोना,

तू होती. टेबलाच्या कोपऱ्यात, कॉम्प्युटरवर. केस कापले तू. बारीक झाली.

मी काय बोलली ते तूच टाइप केलं, तं लिहून काय फायदा. पन तुह्या जागेवरून मागचं दिसलं नसन. मी म्हनलं का ते पत्र मी लिहिलं, सगळं मनचं लिहिलं, पोरीले घरी आनासाठी लिहिलं. तं मागं खुर्च्या सरकल्या. मी भीमाबाईकडे पाहिलंच नाही. मोठ्या मॅडम लई मायेनं बोलल्या, तेच वाईट. "अम्मा जी, आदमी पहली बार मन की बात लिखता है. दूसरी बार दबाव में बोलता है. आप डरिए मत." म्हनजे त्याईले वाटलं का पाऱ्याच्या लोकाईनं मले धमकावून उभं केलं. खोटं लिहिलं तं चश्मा काढून रडल्या, अन् खरं सांगतलं तं माह्यावर दया! राजदीप साहेब खाली पाहत होता. तूही खाली पाहत होती. तुही बोटं तेवढी थांबली नाही.

बाहेर आली तं तुमची गाडी गेली होती.

चौकात आल्यावर भीमाबाई म्हने, "बेबी, पोरगी तुही रुसली अन् घर आमचं गेलं." अन् पुढं निघून गेली. मी तिच्या मागं पोचू शकली नाही. आज सकाळी दार उघडलं तं उंबऱ्यावर पान्याचा एक डबा ठेवलेला. तिचाच, पितळी कडीचा. हाक मारली तं ओ नाही देल्ली.

आता त्या कागदातल्या तीन ओळीच उरल्या. तू पान नाही काढलं तरी माहं म्हननं नाही. तुही नोकरी आहे, तुले सांभाळाची आहे.

अन् माही काही काळजी करू नोको. मी बरी आहे. शीला उगाच डॉक्टर-डॉक्टर करते, तिचं आयकून कोनी तुले काही सांगतलं तं लक्ष देऊ नोको. तू येऊ नोको. इतक्या दूर कशाले दगदग.

चांगली राहा. जेवत जा.

तुही आई


२५ फेब्रुवारी २०२५
नवा रायपूर

आई,

मराठी लिहायची सवय गेली आहे, चुका काढू नको. तुझी सहाही पत्रं माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. पहिली चार मी उशिरा उघडली, सुनवाईच्या आदल्या दिवशी, एकदम. भीती वाटत होती की आत 'सिरियस' लिहिलं असेल.

तू विचारलंस, दोनशे कागदातून तुझाच का. सूड नाही गं. जूनमध्ये ते कागद टेबलवर आले, तुझं अक्षर दिसलं, अन् पहिला विचार आला, फिर से. दुसरा विचार बाबांचा आला. मागच्या वेळी मी हसली होती. म्हणून या वेळी मी एक-एक ओळ खरी मानली. शाळा, बस, पाणी, सगळं. मले वाटलं पारा खरंच संपून राहिला अन् तू तिथं एकटी मरशील. म्हटलं, फाइलमध्ये गेलं तर सरकार तुम्हां सगळ्यांना कुठं तरी चांगल्या जागी नेईल. म्हणून निवडलं. येऊन पाहायला पाहिजे होतं. एक तासाचा रस्ता आहे. आम्ही इथं बसून बावीस वर्षांपुढचं पाहत होतो अन् मी एक तास येऊन पाहिलं नाही की शाळेत बेचाळीस पोरं आहेत.

सुनवाईत मी वर पाहिलं नाही कारण वर पाहिलं असतं तर टाइप करता आलं नसतं. तुझा एकही शब्द सोडला नाही. काल मी लिहून दिलं की ते पत्र मला लिहिलेलं आहे, मी त्या बाईची मुलगी आहे अन् ही गोष्ट मी लपवली. राजदीप म्हणाला, कॉन्ट्रॅक्ट जाईल. जाऊ दे. पण पान निघेल का, मले माहीत नाही, आई. पान निघालं तरी मोटर कोण दुरुस्त करेल, शाळेचा कागद कोण काढेल, तेही नाही. हे एकदा चालू झालं की थांबवायचं बटण कुणाच्या टेबलवर आहे तेच मी दोन दिवस शोधून राहिली. सापडलं नाही.

आज सकाळी तुझं शेवटचं पत्र आलं. तीन वेळा वाचलं. तुझा फोन बंद आहे, शीलाचा नंबर मी तेव्हाच पुसून टाकला.

आई, तू लिहिलंस 'मी बरी आहे, येऊ नको.' चौतीस वर्षांत तू असं कधी बोलली नाहीस. तुला साधी सर्दी झाली तरी तू सिरियस असतेस.

हे पत्र खालच्या डब्यात टाकते अन् निघते. पत्र परवा पोचेल, मी आज. तोंडावर मला हे काही बोलता येणार नाही, म्हणून लिहिलं. दाराची कडी काढून ठेव.

मोना